बेरजेत नसलेला विषय

माझ्या धाकट्या भावाच्या, दिनकरच्या, पदवीच्या आड एकच गोष्ट आली. ती म्हणजे माझं गणित.

मी मानवतला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेबनीस आहे. आमची शेती झरीला, ती वडील बघायचे. दिनकर परभणीला शेतकी कॉलेजात होता आणि तिथंच होस्टेलवर राहायचा. त्या काळात आमच्या ओळखीतली सगळी मुलं टक्क्यांत पास किंवा नापास होत. दिनकरच्या कॉलेजात मात्र वर्षाच्या दोन सहामाह्या, विषयांना क्रेडिट, आणि निकाल दहापैकी. पहिल्या सहामाहीचा निकाल सांगायला आम्ही दोघं झरीला गेलो, तेव्हा अण्णा, म्हणजे आमचे वडील, ओसरीवर दावं वळत बसले होते.

"किती पडले?"

"चार पॉइंट त्रेसष्ट," दिनकर म्हणाला.

अण्णांनी दावं खाली ठेवलं. "शंभरात?"

"न्हाई अण्णा, दहात."

"मंग ठीक हाय की. म्या म्हणलं शंभरात चार पडले का काय." त्यांनी दावं पुन्हा उचललं.

ठीक मुळीच नव्हतं. पाचाच्या खाली गेलेल्या मुलाला कॉलेज ताकीद देत असे, आणि पुढची सहामाही तशीच गेली तर नाव कमी होत असे. हे दिनकरनं अण्णांना सांगितलं नाही. मला सांगितलं, तेही परतीच्या एसटीत, खिडकीकडं तोंड करून.

मी म्हणालो, "काळजी करू नको. मी बघतो." (आमच्या घरातल्या बहुतेक भानगडी या वाक्यापासून सुरू झालेल्या आहेत.)

पुढच्या रविवारी मी होस्टेलवर गेलो आणि क्रेडिटचा मामला समजून घेतला. तो अगदी सरळ निघाला. प्रत्येक विषयाला वजन असतं, त्याला क्रेडिट म्हणायचं. तीन क्रेडिटच्या विषयात दहापैकी सात पडले तर एकवीस झाले. एका क्रेडिटच्या विषयात नऊ पडले तरी ते नऊच. सगळ्याची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटनं भागायचं. जिनिंगमध्ये निरनिराळ्या प्रतीच्या कापसाचा सरासरी भाव आम्ही असाच काढतो. (वाचकांनी इथं थांबून एखादं उदाहरण करून पाहायला हरकत नाही. माझी बायको थांबली नव्हती.)

दिनकरचं चुकत कुठं होतं ते मला लगेच दिसलं. तो एका क्रेडिटच्या इंग्रजीवर जीव टाकत होता आणि तीन क्रेडिटच्या मृदशास्त्राकडं पाठ करून बसला होता. चांगल्या कापसाच्या चार बोंडांना कुरवाळत बसायचं आणि बाकीची गाडी पावसात उभी ठेवायची, असा तो प्रकार होता. मी विषय वजनाप्रमाणे लावले आणि त्याच प्रमाणात अभ्यासाचे तास वाटून दिले. शेवटी एक विषय उरला.

"हे काय?"

"शारीरिक शिक्षण. रोज सकाळी उजाडायच्या आत ग्राउंडवर जावं लागतंय."

"क्रेडिट किती?"

"शून्य. पण कंपल्सरी हाय म्हणतेत."

"शून्याला सातानं गुण."

"शून्य."

"दहानं गुण."

"शून्यच की, दादा."

"मग त्या वेळात मृदशास्त्र वाच."

दिनकर जरा घुटमळला. "पण कदम सर लय कडक हायत. हजेरी घेतेत."

"कदम सर पळायला शिकवतात का गुणाकार?"

दिनकरनं आजवर माझं फार थोडं ऐकलेलं आहे. हा सल्ला मात्र त्यानं पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत पाळला. सकाळी तो मृदशास्त्र वाचत असे की झोपत असे, याची चौकशी मी केली नाही, कारण आकडे सुधारत होते. दुसऱ्या सहामाहीत साडेपाच ओलांडले, तिसरीत सहाच्या पुढं गेला, ताकीद उठली. होस्टेलची इतर मुलंही माझ्याकडून वजनं लावून घेऊ लागली. कुणी मला 'मोठे सर' म्हणे, आणि मी "छे, मी कुठला सर" असं म्हणत बसून घेई.

निकालाच्या कागदावर शारीरिक शिक्षणापुढं दर वेळी 'असमाधानकारक' असा शेरा असे. दिनकरनं तो लपवला नाही. उलट बोट ठेवून दाखवला.

"हे बेरजेत धरलंय का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग सोड."

अशी चार वर्षं गेली. शेवटी दिनकरची एकूण सरासरी सातच्या वर निघाली, आणि त्याच उन्हाळ्यात एका बँकेत कृषी अधिकारी म्हणून त्याची निवडही झाली. पत्रात एकच अट होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात पदवी पूर्ण केल्याचा दाखला घेऊन हजर व्हायचं, नाहीतर निवड रद्द. अण्णांनी झरीत पेढे वाटले. ज्याला पेढा पोचला नाही त्याला घरी जाऊन सांगून आले. आमच्या घराण्यात पगार आणणारा मी पहिला, पण माझ्या वेळी पेढे निघाले नव्हते, ही नोंद मी इथं फक्त करून ठेवतो.

दिनकर दाखला आणायला परभणीला गेला आणि संध्याकाळी मानवतला आमच्याकडं आला. आल्या आल्या जेवायला बसला. तीन भाकरी संपवल्या. माझी बायको सुमन वाढता वाढता म्हणाली, "भावजी, दाखला बघू तरी द्या. हात धुऊन धरते."

"दिला न्हाई."

"कामून?"

दिनकरनं माझ्याकडं पाहिलं. "पीटी राहिलीय."

"पीटी तर शून्य क्रेडिटची आहे," मी म्हणालो.

"तेच सांगितलं. क्लार्क म्हणला, शून्य असू द्या नायतर काय बी, समाधानकारक शेरा असल्याबिगर पदवी न्हाई."

मी कागद आणि पेन्सिल घेतली. चार वर्षांचा सगळा हिशेब पुन्हा केला. बरोबर आला.

सुमन आणखी भाकरी वाढत म्हणाली, "अहो, एक विचारू का? लग्नात अक्षतांना किती क्रेडिट?"

"म्हणजे?"

"जेवणाला तीन धरा, मानपानाला दोन, बँडला एक. अक्षतांना शून्य, त्यांनी कुणाचं पोट भरत न्हाई. मग न्हाई टाकल्या तर चालतंय का?"

दिनकरला ठसका लागला. तो हसण्याचा होता की भाकरीचा, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं परभणीला निघालो. नामांतराच्या आंदोलनाची ती वर्षं होती, त्या दिवशी बंद होता आणि एसटी डेपोतून हलत नव्हती. रेल्वेनं गेलो. कॉलेजला सुटी लागलेली. कदम सर ग्राउंडच्या कडेला लिंबाखाली खुर्ची टाकून बसले होते. दिनकरला पाहून त्यांनी डोळे बारीक केले.

"कोण तू?"

"सर, मी दिनकर. तुमच्याच बॅचचा."

"असशील. चार वर्षांत भेट झाली नाही आपली."

मी पुढं झालो. आजच्या भाषेत सांगायचं तर केस मांडली. विषयाचं वजन, गुणाकार, बेरीज, भागाकार, सगळं क्रमानं सांगितलं. सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. संपल्यावर म्हणाले, "तुम्ही काय करता?"

"जिनिंगमध्ये हिशेबनीस."

"हिशेब बरोबर आहे मुनीमसाहेब. शून्य क्रेडिट म्हणजे सरासरीत धरत नाहीत. पदवीत धरतात."

चार वर्षांत हे वाक्य मला एकदाही सुचलं नव्हतं, आणि सांगायला त्यांना श्वाससुद्धा बदलावा लागला नाही.

माणूस मात्र चांगला. प्राचार्यांची परवानगी आणली तर राहिलेला सगळा कोर्स मी सुटीत करून घेतो, म्हणाले, पण सूट काडीची मिळणार नाही. परवानगी मिळाली. तेव्हा सरांनी दुसरी अडचण काढली.

"यात कबड्डी आहे, व्हॉलीबॉल आहे. समोर माणूस लागतो. आणि होस्टेल रिकामं."

"मग कसं करायचं, सर?"

सरांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुमचं वजन किती?"

मे महिन्यात जिनिंग बंद असतं, त्यामुळं रजेचीही सबब नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, बनियनवर, परभणीच्या ग्राउंडवर उभा राहू लागलो. व्हॉलीबॉलमध्ये चेंडू कुठं पडणार याचा माझा अंदाज दर वेळी अचूक असे. मी तिथं पोचेपर्यंत तो पडलेला असे. कबड्डीत मी रेषा ओलांडून दोनदा 'कबड्डी' म्हणे, आणि तिसऱ्यांदा म्हणायला दम नसल्यानं दिनकर मला नुसता हात लावून बाद करी. काही दिवसांनी तर तो माझी वाट न बघता पाणी प्यायला जाऊ लागला.

"मुनीमसाहेब, पाय उचला," सर लिंबाखालून म्हणत.

"उचलतोय सर."

"मग दुसरा उचला."

होता होता शेवटची परीक्षा आली. बँकेत हजर व्हायला थोडेच दिवस राहिले होते. सकाळी कबड्डी आणि मग पळणं, असा बेत होता. आम्ही काय करतोय हे अण्णांना कुणी सांगितलं नव्हतं. 'कॉलेजचं थोडं काम राहिलंय' एवढंच त्यांना माहीत. त्यांना वाटलं, पोरं उपाशीपोटी काम करायलीत. म्हणून नेमके त्या दिवशी ते झरीहून भाकरी बांधून पहिल्या एसटीनं आले.

फाटकातून आत आल्यावर त्यांना दिसलं ते असं. थोरला मुलगा धुळीत पालथा पडलाय, त्याचा एक पाय धाकट्यानं धरलाय, थोरला रेषेकडं सरपटतोय आणि धाकटा त्याला मागं ओढतोय. दोघांचे बनियन फाटलेले. बाजूला एक माणूस खुर्चीत बसून शांतपणे बघतोय.

आमच्या भागात दोन भाऊ धुळीत लोळताना दिसले की बघणाऱ्याच्या मनात दुसरा विचार येत नाही. अण्णा भाकरीचं गाठोडं टाकून काठी घेऊन धावले.

"आरं, म्या जिता हाय अजून! वाटण्या कामून करायलात?"

"अण्णा, वाटणी न्हाई," दिनकर माझा पाय न सोडता म्हणाला.

"मंग सोड त्याला!"

"सोडलं तर नापास होतोय."

अण्णा सरांकडं वळले. "आन तुमी कोन? तलाठी का?"

सर उठून उभे राहिले. त्यांनी नमस्कार केला आणि ही कबड्डी आहे, परीक्षा आहे, याशिवाय दिनकरला पदवी नाही, असं समजावून सांगितलं. अण्णांनी काठी टेकली. मग आम्हा दोघांकडं पाहिलं.

"याच्यासाठी परभणीला कामून धाडलं मंग?" ते म्हणाले. "हे तर ह्ये दोघं झरीत रोज करायलते. म्या मारून बंद केलं."

मग ते सरांच्या शेजारी सावलीला बसले आणि पळण्याची परीक्षा सुरू झाली. ठरलेल्या वेळात ग्राउंडला आठ फेऱ्या. चार वर्षं सकाळी (बहुधा) मृदशास्त्र वाचलेल्या माणसाला ते जड होतं. पाचव्या फेरीत दिनकर चालू लागला, सहाव्या फेरीच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभाच राहिला. सरांनी घड्याळाकडं पाहिलं. नोकरी तिथं, त्या पांढऱ्या रेषेवर, उभी होती. मी धावत त्याच्याजवळ गेलो.

"चल दिनकर. तीनच राहिल्या."

"होत न्हाई, दादा."

"हे बघ, आठातल्या पाच झाल्या म्हणजे अर्ध्याहून जास्त..."

एवढ्यावर तो जो भडकला! "हिशेब नका सांगू मला! शून्याला दहानं गुण म्हणे! तुमच्यामुळं झालं हे समदं!" आणि तो माझ्या अंगावर धावून आला.

मी पळालो. विचार करून पळालो असं म्हणायला मला आवडेल, पण तसं नाही. मी पुढं, दिनकर मागं. तो काय काय बोलत होता ते इथं देता येणार नाही. अण्णा लिंबाखालून "धर त्याला, धर!" असं ओरडत होते, ते कुणाला उद्देशून, हे मला आजही ठाऊक नाही. पायजमा सुटत आलेला, तो एका हातानं धरून मी तीन फेऱ्या मारल्या. रेषा ओलांडल्यावर मी आडवा झालो, आणि माझ्यावर दिनकर.

सरांनी घड्याळ पाहिलं. "वेळेत आहे," ते म्हणाले, आणि दिनकरच्या नावापुढं 'समाधानकारक' लिहून खाली सही केली. दिनकर तो कागद घेऊन ऑफिसकडं गेला, आणि अण्णा भाकरीचं गाठोडं शोधायला. दाखला दुपारपर्यंत हातात आला, बँकेची नोकरी राहिली, हे सगळं नंतर. मी अजून धुळीतच होतो. आकाश बघता बघता मी सरांना सहज विचारलं, "आणि माझं काय, सर?"

कदम सर खुर्ची उचलून निघाले होते. ते थांबले आणि त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं.

"तुमचं नाव पटावर नाही, मुनीमसाहेब," ते म्हणाले. "म्हणून वाचलात."