आमचं लागंल का ह्याच्यात?

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला तर नाहीच — तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि संध्याकाळ झाली की मला घरात एका जागी बसवत नाही.

तसं बघितलं तर गोष्ट टीव्हीची आहे. टीव्हीत काय एवढं लपवायचं? मीही बरेच दिवस स्वतःला हेच म्हणत होते.

आबा, माझे सासरे, करमाडचे. जन्म मेंढरांमागं गेला. सासूबाई गेल्यावर आमच्याकडे शहरात आले. त्यांचं मागणं काहीच नसायचं. फक्त संध्याकाळी सरकारी चॅनलवरचा शेतीचा कार्यक्रम. त्यातला निवेदक "रामराम मंडळी" म्हणाला की आबा खुर्चीतून हात जोडायचे आणि "रामराम" म्हणायचे. रोज. समोरून रामराम आला आणि आपण घेतला नाही, असं त्यांच्यात चालत नाही — मग तो माणूस काचेच्या आड का असेना. मुलं हसायची. मीही हसायचे. हसण्यावरच थांबले असते तर —

पण आबा एकटे नसायचे. शेजारच्या इमारतीचा रखवालदार कचरू आणि हातगाडीवर भाजी विकणारा बन्सी, दोघं त्यांच्याच भागातले, कार्यक्रमाच्या वेळेला येऊन फरशीवर बसायचे. दारात धुळीच्या वहाणा, हॉलभर तंबाखूचा वास, कांद्यावर आणि पावसावर मोठमोठ्यानं चर्चा. धाकटीच्या मैत्रिणीची आई एकदा आली, वहाणा बघून म्हणाली, गावाकडचे पाहुणे आलेत का? मी म्हणाले, हो, आजच आलेत. आणि माझं माहेर कुठलं? खुलताबादच्या पुढचं, ओट्याखाली शेळ्या बांधलेलं घर. मग मला लाज कसली वाटत होती?

तेवढ्यात नव्या टीव्हीचं निघालं. मुलं सगळं फोनवर बघायची, नवरा क्रिकेटसुद्धा फोनवर. चांगला मोठा, स्वच्छ चित्राचा टीव्ही घेऊ, इंटरनेटवरचं सगळं त्यावरच बघू, डिश काढून टाकू, असं ठरलं. औरंगपुऱ्यातल्या दुकानात आबांनाही नेलं. नवरा गाडी लावायला जागा शोधत फिरत होता. दुकानदार पडद्यावर मोर नाचवून त्याचं पीस न् पीस दाखवत होता. रिमोटमध्ये नुसतं बोलायचं, हवं ते लागतं, म्हणाला. आबांचं मोराकडे लक्षच नव्हतं. त्यांनी विचारलं, "आमचं शेतीचं लागंल का ह्याच्यात?"

लागतं. दुकानदार तेच सांगणार होता. त्याच्या आधी मी बोलले, "आबा, तो कार्यक्रम बंद झाला. सरकारनंच बंद केला. कोणी बघत नाही म्हणून."

आबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "आमी तिघं बघतो की."

दुकानदारानं माझ्याकडे एकदा बघितलं आणि वॉरंटीचं बोलायला लागला.

आबांनी त्या दोघांना सांगितलं, बंद झालं. दोघं यायचे थांबले. मी हॉलमध्ये गालिचा टाकला. आबा संध्याकाळी खुर्ची घेऊन गॅलरीत बसायला लागले. मला बरं वाटलं — हो, वाटलं. कबूल करायचं तर नीट करावं.

पुढे आबा पुतण्याच्या लग्नाला करमाडला गेले, चार दिवस राहिले. तिथं घरोघरी तोच कार्यक्रम लागतो. हे माझ्या आधीच कसं लक्षात आलं नाही? ते परत आले तेव्हा चोराच्या मनात चांदणं — चहा त्यांच्या हातात न देता मी स्टुलावर ठेवला.  लग्नात जेवण बरं होतं, एवढंच ते म्हणाले.

दोनेक दिवसांनी मी जिना उतरत होते. खाली कचरू त्यांना विचारत होता, "आबा, गावाकडं तर लागतंय म्हणं ते. मग आपल्याकडंच कसं बंद?"

"गावाकडं चालू हाय," आबा म्हणाले. "शहरात बंद केलंय. सूनबाईनं चौकशी केली व्हती."

मी जिन्यातच उभी राहिले. म्हणजे त्यांना सगळं कळलं होतं. आणि माझं खोटं ते माझ्या वतीनं सांभाळत होते, स्वतःच्या दोन सोबत्यांवर पाणी सोडून. तेव्हाच खाली जाऊन बोलायला काय झालं होतं मला? कचरूला वर चल म्हणायला? मी आल्या पावली घरात परतले आणि भाजी निवडत बसले.

गेल्या आठवड्यात घरात आम्ही दोघंच होतो. आबा गॅलरीत. मी रिमोट तोंडाशी धरला आणि हळूच कार्यक्रमाचं नाव घेतलं. इतकंच करावं लागतं. पडदा उजळला आणि निवेदक मोठ्यानं म्हणाला, "रामराम मंडळी."

मी दचकून गॅलरीकडे बघितलं. आबा रस्त्याकडेच बघत होते, वळले नाहीत. पण मांडीवरचे दोन्ही हात वर आले आणि जुळले.

मी टीव्ही बंद केला.