रंगखात्याचा मुलगा

माफ करा, एकदाच भेटलेल्या माणसावर लिहिण्याचा मला काय अधिकार? पण त्याचा हेवा जात नाही.

सुरतेत पर्यावरण शिकणाऱ्यांचा नोकरी मेळावा होता. पलसाण्याच्या एका कापड मिलचे साहेब प्रत्येकाला घरचं विचारत होते. मी म्हणालो, "वडील खाजगी नोकरीत." रांगेत माझ्यामागचा तो मात्र बाह्या दुमडत हसला. "साहेब, पप्पा रंगखात्यात आहेत. त्यांचा टॉवेल बघून मला कळतं, आज नाल्यात कोणता रंग गेला."

साहेबांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, नंबर घेतला.

आमच्याही घरी तसाच टॉवेल आहे. माझे पप्पा त्याच साहेबांच्या मिलमध्ये रंग कालवतात.

परवा ते कामावरून आले आणि आपल्या अहिराणीत कौतुकानं म्हणाले, "आमना मिलमा पाणी तपासाले नवा साहेब उना. रंगवालानाच पोऱ्या शे!"