डाळमिलच्या फाटकावरची गुप्तहेर

सबंध जळगावात खरी गुप्तहेर एकच, आणि ती अकरावीत शिकते. आमच्या शेजारच्या मावशींची मुलगी. साखर आणायला ती सरळ रस्त्यानं कधी गेली नाही. पाठलाग होतोय म्हणून दोन गल्ल्या फिरून, वाटेत ओढणी उलटी करून जाणार. दारावर थाप पडली की आतून विचारणार, "भरीत जळालं का?" आणि "वांगं कच्चंच" असं उत्तर मिळाल्याशिवाय सख्ख्या मामालाही घरात घेणार नाही. मामा साक्रीहून आलेले, पिशवी घेऊन उन्हात उभे, शेवटी ओरडले, "वांगं गेलं खड्ड्यात, दार उघड!" मी कामगारांच्या हक्काची पत्रकं चिकटवत फिरतो, तर माझ्यावरही तिची पाळत. एकदा गंभीर चेहऱ्यानं अहवाल दिला, "भाऊ, कोपऱ्यावरचं पत्रक बोकडानं पूर्ण वाचलं."

ते पत्रक तिच्या आईच्या मिलबद्दलच होतं. मावशी डाळ निवडायला जातात. बायका आत गेल्या की फाटकाला कुलूप, ते संध्याकाळीच निघणार. चोरी होते म्हणे! मूठभर डाळीसाठी माणसं कोंडायची आणि वर त्याला शिस्त म्हणायचं!

श्रावणातल्या एका सोमवारी मावशींचा आतून फोन आला. अंग तापलंय, उभं राहवत नाही, कुणी सोडत नाही. मी तिथल्या तिथे निवेदन लिहायला बसलो. पोरगी म्हणाली, "तुम्ही लिखा भाऊ, मी मायले लई येस," आणि आईला आणायला निघालीसुद्धा.

त्या दिवशी गल्लीतली कानबाई विसर्जनाला निघाली होती. पोरीनं वाजंत्री फितवले, आणि देवीची मिरवणूक नदीचा रस्ता सोडून थेट मिलच्या फाटकाशी! रखवालदार गडबडला. "साहेबांना विचारतो..."

"काका, कानबाई दाराशी उभी शे, आन तुम्ही तिले कुलूप दावतस?"

माझ्या एकाही पत्रकानं न हललेल्या त्या माणसानं चपला काढल्या, हात जोडले आणि फाटक उघडलं. मिरवणुकीतल्या बायका नाचत आत शिरल्या, नाचतच बाहेर आल्या. त्या घोळक्यात पदर पुढे ओढलेल्या मावशी होत्या, पोरीच्या खांद्यावर भार टाकून. फाटक पुन्हा लागलं.

दवाखान्यात मावशींना सलाइन लावलं. मी म्हणालो, "जिंकलीस गं!" ती हसली नाही.

"मनी माय भाईर ऊनी, भाऊ. बाकीन्या बाया अजून कुलूपमा मझारच शेतस ना."

संध्याकाळी सुटीच्या वेळी ती मिलसमोर जाऊन उभी राहिली, भर रस्त्यात. बाहेर येणाऱ्या प्रत्येक बाईकडे नीट बघत होती. शेवटची बाई गेली तरी हलेना.

"आता कुणी नाही गं आत," रखवालदार म्हणाला.

"बघू द्या."

फाटक उघडं ठेवून तो बाजूला झाला.