पानं भिजेपर्यंतचं अस्वल

नाकाडोंगरीत पंचफुलाबाईला शांत बसलेलं पाहिलं, असं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. जेवायलासुद्धा ती भाताचं ताट हातात घेऊन अंगणभर फिरायची. नवरा भैय्यालाल म्हणायचा, "लग्नात फेरे संपले गा, पण हे बाई थांबलीच नाई."

अशा बाईला सत्त्याहत्तर साली बालवाडीवर नेमलं, ते बरंच झालं. तीन-चार वर्षांच्या पोरांमागे धावायला तसेच पाय लागतात. बालवाडीला जागा मिळाली जनाबाईच्या ओसरीत. समोरच्या अंगणात गल्लीतल्या बाया मांडीवर सूप घेऊन बिड्या वळायच्या. पोरं ओसरीत, आया अंगणात, आणि मधून रडण्याची व शिव्यांची ये-जा.

चित्रांची पुस्तकं आली ती पत्र्याच्या पेटीत, कुलूप लावून. तपासणीला साहेब येईपर्यंत ती कोरी राहावीत, असा वरून हुकूम होता. पण कुलूप दिसलं की पंचफुलाबाईच्या बोटांना खाज सुटायची. दुसऱ्याच दिवशी पेटी उघडी.

त्यातल्या एका पुस्तकात एक अस्वल वासावर वासावर लग्नघरात शिरतं. मुलीकडचे लोक त्याला नवऱ्या मुलाचा मामा समजतात, पाटावर बसवतात, फेटा बांधतात. अस्वल बुंदीची परात फस्त करतं, पण वरपक्षाच्या मामाला 'पुरे' कोण म्हणणार? शेवटच्या चित्रात अस्वल मांडवात घोरतंय आणि खरा मामा दारात उभा आहे, त्याला कोणी आत घेत नाही.

पंचफुलाबाई पुस्तक छातीशी उघडं धरून ओसरीभर गरगर फिरायची. चित्र बघायला पोरंही गरगर फिरायची. ती अस्वलासारखं गुरगुरायची, नवरीच्या बापासारखी हात जोडायची. नवरीचा बाप अस्वलाला पंख्यानं वारा घालतो त्या पानावर पोरं लोळली, आणि पोरांपेक्षा जास्त अंगणातल्या बाया लोळल्या.

तिथंच घोटाळा झाला. बिडी घट्ट वळावी लागते, आणि हसऱ्या हाताला घट्टपणा जमत नाही. कारखान्यात माल तपासणाऱ्या मुनीमजींनी त्या दिवसाच्या बिड्यांचा ढीगच्या ढीग छाटून बाजूला टाकला. एक चिमटीत धरून विचारलं, "बिड्या हायेत का करंज्या?"

जनाबाई कारखान्यातून तरातरा पंचफुलाबाईच्या घरी आली.

"पंचफुला, उद्यापासून तुह्यं अस्वल माह्या ओसरीत दिसलं, तं तुही बालवाडी पिंपळाखाली!"

"पोरं हासतात, मावशी."

"पोराईले हासू दे. त्याईच्या हातात पान नसते. आमी हासलो का तंबाखू नाकात अन् छाट पदरात!"

पंचफुलाबाईनं एक दिवस पिंपळ करून पाहिला. थंडीत निम्मी पोरं आयांच्या पदराखाली परत पळाली, एक बकरीच्या मागे गेलं. शेवटी ती ओसरीत आली आणि कोणी हसू नये अशा बेतानं वाचू लागली: "अस्वल आलं. बसलं. जेवलं." पोरं मयतीला बसल्यासारखी बसली.

जनाबाईची चार वर्षांची नात रुखमा म्हणाली, "बाई, अस्वलाले ताप आला का?"

मग मात्र पंचफुलाबाईचा जीव थाऱ्यावर राहीना. पुस्तक पेटीत टाकावं तर पोरं विचारतात, काढावं तर ओसरी जाते. ती घरात फेऱ्या, ओसरीत फेऱ्या, विहिरीवर फेऱ्या घालू लागली. भैय्यालाल गल्लीत सांगायचा, "आता मलेच अस्वल सांगते. नाई हासलो तं रागावते, हासलो तं म्हणते, हळू, जनाबाई आयकन!"

अशीच फेरी मारताना एका सकाळी तिला अंगणात नवीनच गोष्ट दिसली. म्हणजे रोजचीच, पण बसून बघितली नसल्यामुळे नवीन. बिडीची तेंदूची पानं बादलीत पाण्यात भिजत घातली होती. ती मऊ पडेपर्यंत कापता येत नाहीत, वळता येत नाहीत. बाया रिकाम्या हातांनी सुना-सासवांच्या चहाड्या करत होत्या.

"मावशी!" ती दोन ढांगांत बादलीपाशी. "पानं पाण्यात हायेत तवरच! पानं निघाली का अस्वल पेटीत!"

जनाबाईनं तिच्यापुढे बोट नाचवलं. "पान मऊ झालं का मी हाक मारीन. मंग एक अक्षर नाई. नाई तं पिंपळ."

"कबूल!"

दुसऱ्या दिवशी पोरं आयांच्या मांडीवर बसली, कारण मांडीवर सूप नव्हतं. पंचफुलाबाई अंगणभर भिरभिरली. अस्वलाला फेटा बांधला, बुंदी वाढली, वारा घातला. बायांतल्या मंगलाबाईला हसता हसता उचकी लागली. जनाबाई बादलीपाशी पाठ करून बसली होती. आता हाक येईल, मग येईल, म्हणून पंचफुलाबाई पुस्तकाची पानं भराभर उलटत होती. खरा मामा दारात येऊन थांबला, पुस्तक संपलं, तरी हाक नाही.

"पुन्हा!" रुखमा ओरडली.

सगळं अंगण जनाबाईच्या पाठीकडे बघू लागलं. पंचफुलाबाईचा एक पाय उचललेला, तो तसाच राहिला; तिच्या आयुष्यातलं बहुधा पहिलंच थांबणं.

जनाबाईनं बादलीत हात घातला, एक पान काढलं. ते तिच्या बोटांवरून ओल्या फडक्यासारखं लोंबत होतं. तिनं ते निरखून पाहिलं आणि परत पाण्यात सोडलं.

"कडक हाय अजून," ती म्हणाली. "आण त्या मामाले."