तातेराव देशमुखांची लिंबोणी

तातेराव देशमुखांना उर्दू येत होती, मराठी येत होती, थोडी फारसीही येत होती. स्वतःच्या परसातली लिंबोणी मात्र त्यांना कळली नाही. ती कळली गोजरबाईला, जिला स्वतःचं वयही सांगता येत नव्हतं.

निजामाच्या अमदानीतली, चव्वेचाळीस सालची गोष्ट. हट्ट्याजवळच्या आमच्या गावात देशमुखांच्या लिंबोणीची कोवळी पानं गायब व्हायला लागली. उरलेल्या पानांवर पाखरांची शीट. देशमुखांनी अक्कल चालवली: पाखरंच पानं खातात! गोजरबाईला दिवसभर झाडाखाली डबा बडवायला बसवलं. चिमण्या गेल्या, साळुंक्या गेल्या आणि शीट दुप्पट झाली. मग चावडीवर चार माणसांत देशमुख गरजले, "गोजरी कामचोर आहे. झोपा काढून राहिली."

रोजानं जगणाऱ्या एकट्या बाईवर हा शिक्का बसला की तिला कुणी खुरपायलाही बोलवत नाही. गोजरबाई रडली नाही. दुसऱ्या दिवशी डबा बाजूला ठेवला आणि झाडाकडं टक लावून बसली.

संध्याकाळी तिनं देशमुखांना बोलावलं, साक्षीला मलाही बोलावलं.

"मालक, पाखरू एक न्हाई, मंग शीट काहून? अन् सकाळी ह्या पानावर व्हती, ती त्या पानावर कशी गेली?"

तिनं केरसुणीची काडी त्या पांढुरक्या डागाला टोचली. डाग वळवळला. ती अळी होती! तिनं डोक्यातून दोन केशरी शिंगं काढली, नासक्या लिंबासारखा वास सुटला. देशमुख असे मागं उडाले की पाय थेट शेणात.

"अन् ह्या त्याच, मोठ्या झालेल्या." तिनं पानांत बोट दाखवलं. ती हिरवी अळी हलेपर्यंत मलाही पानच वाटली. "खाली काळ्या लेंड्या दिसल्या की बराबर वर बघायचं. यांना खाणारी पाखरं तुमीच हाकलायला लावली."

चुकलो म्हणतील तर ते देशमुख कसले! "बरं बरं. वेच आता."

"चावडीवर मला कामचोर म्हणलात. ते खोटं व्हतं, असं चावडीवरच सांगा. मंग वेचते."

तीन दिवस देशमुखांची मान ताठ. चौथ्या दिवशी झाडाच्या नुसत्या काड्या उरल्या, तेव्हा चावडीवर येऊन मिशीतल्या मिशीत पुटपुटले.

"ऐकू न्हाई आलं, मालक," मी ओरडलो.

त्यांना दुसऱ्यांदा, मोठ्यानं बोलावं लागलं. तोवर चावडीच्या पायरीवर बसलेली गोजरबाई अळ्या वेचायला जागची हलली नव्हती.