दहापैकी किती येतील?

अगं, इकडं ये, माझ्याजवळ बस. लेकाला अभ्यासाचं "सगळं आलं का" असं विचारतेस व्हय? तो "हो" म्हणणार आणि खेळायला पळणार. एवढी शिकलेली तू, तुला एवढं कळंना?

माझ्या नातीचं ऐक. येडगावच्या शाळेत तिसरीत हाय. तिच्या बाई पाढ्यांचा पेपर सोडवायच्या आधी पोरांना कोपऱ्यात लिहायला लावतात, दहापैकी किती बरोबर येतील ते. नातीनं ऐटीत दहा लिहिले. आले चार. सगळा वर्ग हसला. पुढच्या वेळी बयेनं शून्य लिहून ठेवलं, आणि आले सात. बाई म्हणाल्या, हा बी अंदाज चुकलाच की. घरी येऊन फुगून बसली, शाळाच नको म्हणाली.

"शून्य लिवलं का?" मी विचारलं.

"शून्य लिवलं की कुणी हसत न्हाई."

हे ऐकून मला लई लागलं. एवढीशी पोर, आणि येणारं बी लपवायला शिकली.

मी काय शाळेत गेलेली न्हाई, लेकरांच्या पाटीवर अक्षरं गिरवली तेवढीच. तिला टोमॅटोच्या वावरात नेलं. तोडणी व्हती, किती क्रेट निघतील ते सांग म्हणलं. बांधावरनं बघून म्हणाली, चाळीस. आजोबांवर गेलीय, त्यांनीबी जन्मभर बांधावरनंच शेती केली. म्हणलं, सरीत उतर, पाला उचलून बघ. निम्मा माल हिरवा, काही किडका. मग म्हणाली, बावीस. निघाले तेवीस.

घरी आल्यावर म्हणलं, आता पुस्तक मिट आणि सातचा पाढा म्हण. उघड्या पुस्तकात सगळं आल्यासारखंच वाटतं. एकोणपन्नासपर्यंत आली आणि गाडी थांबली.

"आजी, मला वाटलं व्हतं येतंय."

"तुला तिसरीत कळलं, बरं झालं. तुझ्या आजोबांना अजून वाटतं, त्यांना भजन येतं."

पुढच्या पेपराआधी तिनं रोज पुस्तक मिटून पाढे म्हणून बघितले आणि कोपऱ्यात सहा लिहिले. आले सहाच. पळत आली, दहा पडल्यावरबी एवढी हसली नसती. मी जिलेबी मागवली. तिचा बाप कुरकुरला, सहाला कसली जिलेबी? म्हणलं, तू दहावीच्या निकालाआधीच पेढे आणले व्हतेस, ते आमी गपगुमान खाल्ले का न्हाई? मग जिलेबीबी त्यानंच जास्त खाल्ली.

आता दहातले न येणारे चार उरलेत, त्यांच्यावर रोज संध्याकाळी बसतो आमी दोघी. तू ये गं रविवारी आमच्या येडगावला, लेकाला घेऊन. नारायणगावला उतरलीस की जीप मिळती.