राणी कलरचा शर्ट

दिवाकर गेल्याचा फोन आर्णीहून आला, तेव्हा मी यवतमाळच्या घरी दाढी करत होतो. खरं सांगतो, डोळ्यापुढे आधी त्याचा चेहरा आलाच नाही. त्याचा तो राणी कलरचा शर्ट आला. महिना उलटला, तरी तोच येतो... माणूस गेला, माझी जळजळ काही गेली नाही.

आम्ही साडू. आमच्या बायका सख्ख्या बहिणी, माहेर महागावचं. मी कचेरीतला कारकून, तो आर्णीजवळचा कापूस पिकवणारा शेतकरी. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आम्हा दोघांना पाटावर बसवलं, ओवाळलं आणि शर्टाच्या कापडाचं एकेक पुडकं हातात दिलं. माझं उघडलं तर आत झगझगीत राणी कलर. सर्वांत धाकट्या मेव्हणीच्या ड्रेसचं कापड दुकानदाराने चुकून माझ्या कागदात बांधलं होतं. घरभर हशा पिकला. सासूबाई ओशाळल्या, पण जावयाला ओवाळून दिलेलं परत कसं घेणार? मी फणकारलो, "मी काय बाई हाय का?" दिवाकरने आपलं राखाडी पुडकं माझ्या मांडीवर ठेवलं. "भाऊजी, तुमी हे घ्या. थो मले द्या. रंगाले काय बाई अन् काय माणूस?"

पुढच्याच लग्नात तो शर्ट शिवून, घालून हजर. उन्हाने रापलेला काळा गडी आणि त्यावर तो रंग... मंडपातली पोरं "काकू आल्या" म्हणून खिदळली, तर याने पदर सावरल्याचं सोंग केलं. मग कोण काय चिडवणार? बायकांचा घोळका त्याच्याभोवती. माझी शोभासुद्धा म्हणाली, "दिवाकररावांले कसा खुलून दिसते ना!" माझ्याबद्दल ती असं कधी बोलल्याचं मला तरी आठवत नाही. पुढे अबोली आला, जांभळा आला. साड्या घ्यायच्या तर बायका त्याला दुकानात घेऊन जात आणि मी बाहेर चपला सांभाळत बसे. एकदा मीही गुपचूप राणी कलरचं कापड हातात घेतलं. दुकानदार म्हणाला, "वहिनीसाठी का?" मी हो म्हणालो. शोभाने त्याचा ब्लाऊज शिवला.

तो शर्ट माझा होता हो. ओवाळून मला दिलेला.

गेल्या आठवड्यात आर्णीला गेलो. दिवाकरचे कपडे वाटून झाले होते. खुंटीवर तेवढा तो एक उरला होता. विटलेला, कॉलर उलटवून शिवलेली. त्याच्या बायकोला, रेखाला, मी सरळच म्हटलं, "रेखा, थो शर्ट मले देशील? मूळचा माझाच हाय." साठी ओलांडलेला माणूस मी, आणि मागत काय होतो, तर जुना शर्ट...

ती वावरात निघाली होती. कापूस वेचायला आमच्याकडे बाया साडीवरून नवऱ्याचा जुना शर्ट घालतात. तिने तो खुंटीवरून काढला, अंगात घातला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. "बाकी काहीही मागा भाऊजी. हा मी घालते आता."

मी तिच्यामागे वावरापर्यंत गेलो. पांढऱ्या कापसात तो रंग पार टोकापर्यंत दिसत होता. तिलाही खुलून दिसत होता. आणि मी राखाडी शर्टात धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उभा राहून आता तिच्यावर जळत होतो.